घडवावे की विकत घ्यावे? वाहनाच्या सांगाड्याच्या बळकटीविषयी थोडा विचार

दिवाळी उलटली की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसाचे दिवस सुरू होतात. जैनद, बेला, तामसी, भीमपूर या बाजूंच्या खेड्यांतून पांढऱ्याशुभ्र कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लहानमोठे ट्रक आदिलाबादच्या बाजाराकडे येऊ लागतात. याच दिवसांत गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतही मोठी गर्दी उसळते. कोणाच्या ट्रॉलीचा दांडा वाकलेला असतो, कोणाच्या ट्रकच्या चासीला चीर गेलेली असते, तर कोणाला काहीच मोडलेले नसताना 'यंदा माल जास्त आहे, दोन पट्ट्या मारून घ्याव्या' असे वाटत असते. अशा वेळी प्रत्येक घरात एक प्रश्न निघतो. सांगाड्याला बळकटी देणारे हे भाग आपल्या गावच्या कारागिराकडून घडवून घ्यावेत, की कंपनीने केलेले विकत आणावेत?

वरवर पाहता हा प्रश्न पैशाचा वाटतो. घरची पट्टी स्वस्त, कंपनीचा भाग महाग; मग विचार तो काय करावयाचा? परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे ध्यानात येते की, हा प्रश्न मुख्यतः ज्ञानाचा आणि जबाबदारीचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर नुकसान केवळ मालाचे होत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या, सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या आणि ट्रॉलीच्या मागून येणाऱ्या माणसांचे प्राण त्यात गुंतलेले असतात. म्हणून या विषयाची उकल आम्ही येथे यथामती करीत आहोत.

प्रथम आपल्या जुन्या बैलगाडीकडे पाहू. पौष अमावास्येस केस्लापूर येथे नागोबाची जत्रा भरते. त्या जत्रेस मेसराम घराण्यातील गोंड बांधव आजही आपल्या बैलगाड्या घेऊन येतात. ही गाडी कोणत्याही कारखान्यातून आलेली नसे. सुताराने लाकूड निवडावे, तुंबा, आरे आणि पाटे बेतून चाक जुळवावे आणि लोहाराने त्यावर लोखंडी धाव चढवावी, अशी ही रीत. 'गाड्याबरोबर नळ्याला यात्रा' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. त्या नळ्यातले वंगणदेखील घरचेच असे. थोडक्यात, गाडीचा सांगाडा आणि त्याची बळकटी ही दोन्ही गावातच घडत.

धाव चढविण्याच्या कामात किती शास्त्र भरलेले आहे, हे पाहण्याजोगे आहे. लोखंडाचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. मग ते गोवऱ्यांच्या आगीत तापवितात. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते. कड्याचा व्यास १२० सेंटिमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे ३७७ सेंटिमीटर होतो. ते ५०० अंशांनी तापविले असता त्याचा घेर सुमारे सव्वादोन सेंटिमीटरने वाढतो. त्या तापलेल्या स्थितीत ते चाकावर बसवून वरून पाणी ओतले की ते आकसते आणि आरे, पाटे व तुंबा यांना एकत्र करकचून आवळते. खिळा नाही, जोड नाही, तरीही चाक वर्षानुवर्षे टिकते. हे विज्ञान पुस्तकातून न शिकताही आपल्या लोहाराला पिढ्यान् पिढ्या अवगत होते. तेव्हा 'गावात घडलेले ते कच्चे' असे समजणे हा मोठाच अन्याय होईल.

परंतु ती गाडी विश्वासार्ह का ठरली, याची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत. एक तर सुताराला लाकडाचा स्वभाव पुरता ठाऊक असे; लाकूड सरळ रेषांचे आहे की गाठींचे, वाळलेले आहे की ओले, हे त्याला डोळ्यांनी दिसे. दुसरे असे की, लाकूड मोडण्यापूर्वी करकरते, तडकते, सूचना देते. तिसरे, गाडी घडविणारा माणूस त्याच गावात राहत असे. गाडी मोडली तर दुसऱ्या दिवशी तो समोर उभा असे. आणि चौथे कारण म्हणजे वेग. बैलगाडी ताशी सुमारे ४ किलोमीटर चालते. ट्रक ताशी ६० किलोमीटर धावतो, म्हणजे वेग पंधरापट. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हा नियम आपण वर्गात शिकतो. त्याप्रमाणे तेवढ्याच वजनाच्या ट्रकची ऊर्जा बैलगाडीच्या १५ गुणिले १५, म्हणजे २२५ पट होते. बैलगाडीचा आस मोडला तर गाडी एका अंगावर बसते. धावत्या ट्रकचा सांगाडा दगावला तर पुढे काय होईल, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

आता मोटार वाहनाचा सांगाडा म्हणजे काय, ते पाहू. ट्रकचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब पोलादी तुळया पुढून मागपर्यंत जातात आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या तुळया जोडलेल्या असतात. लांब तुळई बहुधा पन्हाळीच्या आकाराची, म्हणजे एक उभा पाट आणि वरखाली दोन आडव्या कडा अशी असते. ट्रॉलीचा सांगाडाही याच जातीचा, फक्त अधिक साधा. मोटारकारची गोष्ट वेगळी आहे. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० किंवा तिच्यानंतरच्या बहुतेक लहान गाड्या यांत निराळी शिडी नसते. पत्रा घडवून केलेली गाडीची कायाच सांगाड्याचे काम करते. इटलीतील लँसिया कंपनीने १९२२ मध्ये आपल्या लँब्डा या गाडीत ही रीत प्रथम आणली.

सांगाड्यावर मुख्यतः दोन प्रकारचे ताण येतात, एक वाकण्याचा आणि दुसरा पिळण्याचा. वाकण्याचा ताण समजण्यासाठी आपली फूटपट्टी घ्यावी. ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी पट्टी आडवी धरून वाकविली तर सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरली तर जवळजवळ वाकतच नाही. हिशेब केला तर उभ्या पट्टीचा ताठरपणा आडवीच्या शंभरपट भरतो. लोखंड तेवढेच, पण ठेवण्याची रीत निराळी. तुळईची उंची दुप्पट केली तर तिची भार सोसण्याची शक्ती चौपट आणि ताठरपणा आठपट होतो. जाडी दुप्पट केली तर दोन्ही केवळ दुप्पट होतात. तेव्हा 'जाड पट्टी मारा' या सल्ल्यापेक्षा 'योग्य जागी योग्य आकाराची पट्टी मारा' हा सल्ला केव्हाही शहाणपणाचा.

पिळण्याचा ताण समजण्यासाठी एक जाड कागद गुंडाळून नळी करावी. तिची कड चिकटविली नाही तर ती दोन हातांनी सहज पिळता येते. कड चिकटविली की तीच नळी विलक्षण ताठ होते. ट्रकची पन्हाळी तुळई उघडी असते, म्हणून ती थोडी पिळली जाते. हा तिचा दोष नव्हे. आमच्या जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील रस्ते त्यामुळे उंचसखल होतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले म्हणजे सांगाड्याने थोडे पिळले जावे, म्हणजे चारही चाके जमिनीला टेकून राहतील, अशी निर्मात्याची योजना असते. सांगाड्याच्या अंगी असलेली ही लवचिकता वाऱ्यात वाकणाऱ्या वेळूच्या लवचिकतेसारखीच समजावी.

हे एवढे कळल्यावर आता घरगुती पट्टीचा विचार करू. गावच्या दुकानात घडलेल्या भागात अडचण कारागिराच्या हातात नसते. आमचे कारागीर कुशल आहेत. अडचण आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या तीन गोष्टींत.

पहिली गोष्ट पोलादाची जात. लाकडाचा स्वभाव डोळ्यांना दिसतो, पोलादाचा दिसत नाही. भंगारातून आणलेला पट्टीचा तुकडा आणि कारखान्यात तपासलेली पट्टी दोन्ही सारख्याच चकाकतात. बोल्टाचेच उदाहरण घ्या. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. त्याचा अर्थ असा की, त्याचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण घेतल्यावर तुटते आणि त्याच्या ८० टक्के ताणाला कायमचे लांबू लागते. १२ मिलिमीटरचा असा बोल्ट साधारण पावणेसात टन ओढ सोसू शकतो. ४.६ असा आकडा असलेला तेवढ्याच जाडीचा बोल्ट तिच्या निम्म्याच ओढीला तुटतो. आकडाच नसलेला बोल्ट किती सोसेल, हे कोणीच सांगू शकत नाही. दोन्ही बोल्ट एकाच डब्यातून निघतात आणि एकाच पान्ह्याने आवळले जातात. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची उष्णता. सांगाड्याचे पोलाद विशिष्ट रीतीने तयार केलेले असते. काही जड वाहनांत ते तापवून व थंड करून मुद्दाम कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या ज्योतीने जोडाशेजारच्या पट्ट्यातील त्याची घडण बदलते. कोठे ते मऊ होते, कोठे ठिसूळ होते. जोड स्वतः पक्का राहतो आणि त्याच्या लगतच चीर पडते. याच कारणाने बहुतेक ट्रकनिर्माते आपल्या पुस्तिकांत सांगाड्याच्या वरखालच्या कडांवर छिद्र पाडू नये आणि सांगितल्यावाचून वेल्डिंग करू नये, असे बजावतात. कारण वाकताना सर्वांत अधिक ताण याच कडांवर येतो. आजच्या गाड्यांत विद्युत-उपकरणेही पुष्कळ असतात. बॅटरीच्या तारा न सोडता वेल्डिंग केले तर तीही जळून जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे, ती म्हणजे पोलादाचा थकवा. एखादी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. पुनःपुन्हा मागेपुढे वाकविली तर तुटते, हे आपण सर्वांनी केलेले आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. रोज तोच भार बिनतक्रार सोसणारे आस एके दिवशी अकस्मात का मोडतात, याचा छडा पुढे जर्मनीतील रेल्वे-अभियंता ऑगस्ट व्होलर याने दीर्घ प्रयोग करून लावला. वारंवार येणारा लहान ताणही पोलादाला हळूहळू थकवितो, आणि चीर नेहमी एखाद्या छिद्रापाशी, खाचेपाशी किंवा आकार एकाएकी बदलतो अशा जागी सुरू होते, असे त्याला आढळले. बळकटीची पट्टी जेथे संपते, ती जागा नेमकी अशीच असते! पट्टीखालचा भाग ताठ होतो, त्यापुढचा भाग पूर्वीसारखाच लवचिक राहतो, आणि सर्व लवणे त्या एका रेषेवर येऊन साठते. म्हणून जाणकार कारागीर पट्टीचे टोक चौकोनी न कापता तिरपे, निमुळते कापतो, आणि तुळईवर आडव्या रेषेत वेल्डिंग करीत नाही. ही एक गोष्ट जरी आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवली तरी पुष्कळ सांगाडे वाचतील.

याहून मोठा एक गैरसमज आहे, तो दूर केलाच पाहिजे. पट्टी मारली म्हणजे गाडी अधिक माल वाहू शकते, असे अनेकांस वाटते. वस्तुतः वाहन ही एक साखळी आहे. सांगाडा बळकट केला तरी आस तोच, टायर तेच, पाटे तेच आणि ब्रेकही तेच राहतात. कोणी म्हणेल की, जादा पाटे घालू; पण पाटे वाढविल्याने ब्रेक वाढत नाहीत. शिवाय पट्टीचे स्वतःचे वजन असते. ३ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्यांचे वजन साडेछप्पन्न किलो भरते. तेवढा माल प्रत्येक खेपेस कमीच न्यावयास हवा. आवश्यकता नसताना लोखंड चढविणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड करून घेणे होय. कापसाच्या बाबतीत तर धोका वेगळाच. कापूस वजनाने हलका पण आकाराने मोठा. तो उंच रचला की भाराचा मध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी कलंडते. सांगाडा कितीही मजबूत असला तरी हे कलंडणे त्याला थांबविता येत नाही.

लहान मोटारीच्या बाबतीत अधिक ताठ म्हणजे अधिक सुरक्षित हा समज तर उलट ठरतो. मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनी याने १९५१ मध्ये अशी कल्पना मांडली की, गाडीचा मधला, माणसे बसण्याचा भाग ताठ असावा आणि पुढचा व मागचा भाग धडकेत चुरगळणारा असावा. चुरगळताना तो भाग धडकेची ऊर्जा स्वतः गिळतो आणि आतील माणसांपर्यंत धक्का कमी पोहोचतो. आजच्या सर्व मोटारी याच तत्त्वावर बेतलेल्या असतात. अशा गाडीच्या पुढे हौसेने जाड लोखंडी कठडा बसविला, तर चुरगळण्याची ती योजनाच निष्फळ होते, आणि पादचाऱ्याला बसणारा मारही वाढतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे कठडे बसविणाऱ्यांवर कारवाई करावी, असे सर्व राज्यांस कळविले.

मग विकत घेतलेला भाग सदैव चांगलाच असतो काय? असेही नाही. कंपनीच्या भागाची किंमत आपल्याला अधिक वाटते, कारण आपण केवळ लोखंड तोलून पाहतो. वास्तविक त्या किमतीत पोलादाची तपासणी, हजारो वेळा भार देऊन केलेली थकव्याची परीक्षा आणि चूक झाल्यास उत्तर देण्याची जबाबदारी यांचा समावेश असतो. पुणे येथे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था याच प्रकारच्या परीक्षा करते. परंतु बाजारात अस्सल डब्यासारखा डबा करून नकली भाग विकणारेही असतात. एका गाडीचा भाग दुसरीला 'बसतो' म्हणून घेणारेही असतात. आणि अस्सल भाग आणून तो अडाणीपणे बसविला, बोल्ट अर्धवट आवळला, नको तेथे छिद्र पाडले, तर त्या अस्सलपणाचा उपयोग शून्य होतो. म्हणजे खरेदी केल्याने विचार करण्यातून सुटका होत नाही.

कायद्याचीही बाजू जाणून घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या सुधारणेनुसार, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. मोडलेला भाग निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे दुरुस्त करणे निराळे, आणि गाडीचे मूळ स्वरूप बदलणे निराळे. दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी करावयाचे बदल कायद्याला मान्य आहेत. पण तेही परवानगी घेऊनच. आपण घेतलेल्या विम्यावरही या सर्वांचा परिणाम होतो, हे विसरू नये.

मग घडविणे आणि विकत घेणे यांच्यात काही मेळ घालता येईल काय? घालता येतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे सीमा ओलांडून येणाऱ्या महाराष्ट्राच्या एस.टी. बसमध्ये आहे. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. तिची काया लाकडी होती. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे आपल्या मध्यवर्ती कार्यशाळा चालविल्या. त्यांची रीत अशी की, इंजिन, आस, ब्रेक आणि सांगाडा हे सर्व टाटा किंवा अशोक लेलँड यांसारख्या निर्मात्यांकडून तयार घ्यावयाचे आणि त्यावर बसची काया, आसने, खिडक्या, दारे आपल्या कामगारांनी बांधावयाची. ज्या भागाच्या परीक्षेला मोठी प्रयोगशाळा लागते तो विकत, आणि ज्या भागाची परीक्षा आपल्या कार्यशाळेत, आपल्या डोळ्यांदेखत होऊ शकते तो घरचा, असा हा विवेक आहे. मोटार उद्योगाने आपल्या देशात मूळ धरले तेही अशाच रीतीने. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी सहकार्याचा करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. आधी शिकणे, मग घडविणे, हा क्रम त्यांनी पाळला.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेखातर भंगारातील वस्तू जमवून, सुमारे ६०,००० रुपये खर्चून एक चिमुकली जीप घडविली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे मनापासून कौतुक केले. परंतु ती नियमांत बसत नाही आणि रस्त्यावर चालविण्यास मनाई होऊ शकेल, हेही स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबास एक नवी बोलेरो दिली. या घटनेत आम्हांस मोठा बोध दिसतो. कारागिराच्या बुद्धीचा योग्य तो मान राखला गेला, आणि त्याच्या कुटुंबाने प्रवास करावा तो मात्र परीक्षा झालेल्या वाहनातून, हाही विवेक पाळला गेला. कौतुक आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य असतात.

यावरून घरोघरी उपयोगी पडेल असा एक साधा नियम काढता येतो. एखादा भाग मोडला तर काय होईल, हा प्रश्न प्रथम विचारावा. ट्रॉलीच्या बाजूचे फळके, मागील झडप, ताडपत्री बांधण्याच्या कड्या, पायरी, अवजारांची पेटी यांपैकी काही मोडले तर काम खोळंबते, पण सहसा जीव जात नाही. शिवाय ते मोडण्यापूर्वी वाकून सूचना देतात. हे सर्व गावच्या कारागिराकडून खुशाल घडवून घ्यावे. ते स्वस्त पडेल, हवे तसे होईल आणि पैसा गावात राहील. याच्या उलट ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी खीळ, आस, पाटे, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकचे भाग आणि सांगाड्याच्या मुख्य तुळया मोडतात त्या एका क्षणात, आणि बहुधा भरधाव असताना. हे भाग निर्मात्याचेच घ्यावेत आणि जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावेत. सांगाड्याला चीर गेलीच असेल तर पट्टीखाली ती झाकू नये. ती का पडली, याचा शोध आधी घ्यावा. तापावर पांघरूण घातल्याने ताप जात नाही. आणि पुष्कळदा चिरेचे कारण दुबळे पोलाद नसून अधिक भार हेच असते. त्यावरचा उपाय दुकानात विकत मिळत नाही आणि भट्टीतही घडत नाही. एक खेप अधिक करणे, हाच तो उपाय.

कंपनीचा भाग मिळण्यास दिवस लागतात, कापूस उघड्यावर पडलेला असतो, पावसाची भीती असते आणि हातात पैसा नसतो, ही आमच्या शेतकऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. तिची थट्टा कोणी करू नये. पण अशा घाईतही कारागिराला चार प्रश्न विचारण्यास पैसा पडत नाही. पट्टी कोणत्या पोलादाची? बोल्टावर आकडा आहे काय? टोक तिरपे कापले काय? छिद्र कडेवर तर पाडले नाही ना? हे प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणजे त्यांची उत्तरे देणारे कारागीरही तयार होतील.

विद्यार्थिमित्रहो, येथेच आपले काम सुरू होते. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा काका भाता, घण आणि वेल्डिंगचे यंत्र चालवीत असतील. त्यांच्या हातात जे कौशल्य आहे ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. तुम्हांस शाळेत जे मोजमाप, जे पदार्थविज्ञान शिकविले जाते, ते त्यांना मिळालेले नाही. ही दोन्ही एकाच घरात, एकाच माणसात एकत्र आली, तर जो भाग आज पुण्याहून किंवा हैदराबादहून मागवावा लागतो, तो उद्या परीक्षा होऊन, शिक्का लागून, आपल्या जिल्ह्यातच तयार होईल. तोपर्यंत जे तपासता येते तेवढेच घडवावे, आणि जे तपासता येत नाही ते तपासलेलेच घ्यावे. या रस्त्यावरून आपलीच माणसे येजा करीत आहेत.